खिल्लारे आणि त्याची नावडती कार्बाईन

नागसेन खिल्लारे हा माणूस मला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. वयानं आणि हुद्द्यानं मोठा, म्हणून तोंडावर अहो-जाहो करावं लागायचं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून अरे-तुरेच. त्याच्याबद्दल मी लिहायला बसावं हे त्यालाही रुचणार नाही. पण दुसरं कोणी लिहिलं तर खोटं लिहील, आणि खोटं एकदा लिहून झालेलं आहे. ते मीच लिहिलं होतं.

मी चंदा, पोलीस शिपाई. माहेर जिंतूर तालुक्यातलं, मेंढरं राखणारं घर. ठाण्याचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. खिल्लारे आमच्या ठाण्यात शस्त्रागाराचा हवालदार होता. शस्त्रागार म्हणजे काही किल्ला नव्हे. लोखंडी दाराची एक खोली, भिंतीला साखळीत ओवलेल्या रायफली, कपाटात पिस्तुलं आणि कोपऱ्यातल्या लाकडी घोडीवर चार कार्बाईन. किल्ली त्याच्या कमरेला, आणि तोरा असा की खोली सासऱ्यानं आंदण दिली असावी.

तो मूळचा पूर्ण्याचा. बाप सिताराम रेल्वेत होता, रुळावर हातोडा मारून आवाजावरून सैल जोड ओळखायचा म्हणे. पोरानं तोच कान घेतला होता. आम्ही बंदोबस्तावरून हत्यार परत आणलं की खिल्लारे बोल्ट, म्हणजे आतला सरकता ठोकळा, एकदा मागे ओढून सोडायचा आणि कान तिरका करून म्हणायचा, "धूळ हाय. पुसून आना." बारा तास उन्हात उभं राहून आलेल्या माणसाला! घोटभर पाणी तरी विचारावं. तो नळीत डोळा घालायचा, वास घ्यायचा, जुन्या दात घासायच्या ब्रशानं कोपरे उकरायचा आणि आपण समोर गुन्हेगारासारखं उभं. मी एकदा म्हटलं, सकाळी लग्नाला बसायचंय का हिला? तो हसलाही नाही. पुन्हा पुसून आणायला लावलं.

आमचं खरं वाजलं ते कार्बाईनवरून. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्बाईन दिसायला आखूड बंदूक, पण पोटात पिस्तुलाचीच गोळी. गोळ्यांची मॅगझिन डाव्या अंगाला फांदीसारखी फुटलेली, आणि उजव्या अंगाला रिकामं काडतूस बाहेर पडायला एक उघडी खिडकी. बोल्ट मागे असला की त्या खिडकीतून आतलं सगळं दिसतं.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. मी भरतीच्या मापात कशीबशी बसलेली, उंची तेवढीच. रायफल माझ्या खांद्यावर उभी केली की कोण कोणाला घेऊन चाललंय कळायचं नाही. तिचा धक्का असा बसायचा की दोन दिवस वेणी घालायला हात वर जायचा नाही. कार्बाईन मात्र हातात घेतली की माझीच. आमचे गार्ड हवालदार तात्याराव तिचे मोठे भक्त. चहाच्या टपरीवर ते तिचे गुण गायचे: जीपमध्ये बसताना दाराला अडत नाही, घरात शिरून कोपऱ्यावर वळता येतं, धक्का नाही, पिस्तूल आणि ही एकाच गोळीवर चालतात म्हणून दोन तऱ्हेचा माल बाळगायला नको, आणि नव्या पोरापोरींना आठ दिवसांत शिकवता येते.

खिल्लारे तिथंच उभा राहून चहा पीत असायचा. तात्यारावांचं संपू द्यायचा आणि मग एकेक काढायचा. शंभर पावलांपुढं तिची गोळी दमते. भिंतीआड माणूस असला तर ती भिंतीचा पोपडा काढते, माणसाला काही होत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅगझिन लावलेली कार्बाईन बुडावर आपटली तर बोल्ट आपोआप मागे उडतो, पुढे येताना गोळी ओढतो आणि चापाला कोणी हात न लावता बार होतो. तो अडवायला एक खटका आहे, सेफचा. म्हणजे सगळी भिस्त नखाएवढ्या लोखंडावर. तात्याराव म्हणायचे, बरं मग एक तरी गुण सांग तिचा. तो जरा विचार करून म्हणायचा की भर बाजारात हीच बरी, रायफलीची गोळी एकाला लागून मागच्या दोघांना हुडकत जाते, हिची पहिल्यातच थांबते. एवढं मान्य करायचा. ते सुद्धा अशा तोऱ्यात, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच काही चूक केली.

गोळीबाराच्या सरावाला कार्बाईननं पंचवीस यार्डांवर माझ्या दहाच्या दहा गोळ्या लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिल्लारे म्हणाला, "एवढ्या अंतरावर दगडानं बी लागतंय." आणि मुद्दाम निशाण शंभरावर लावून मला परत नेम धरायला पालथं झोपवलं. दहातल्या दोन लागल्या, त्याही खाली, लाकडाला. मग तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, बाकीच्या आठ कुठं गेल्या ते सांगा. तिकडं तुमच्या बापाची मेंढरं असती तर?"

लोक हसले. मी उठून गणवेशाची माती झटकली. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पाहिलं याचा राग आणखी वेगळा. त्या दिवसापासून मी त्याच्या वाईटावर होते. हे मी आज लपवत नाही.

आता दसऱ्याचं. आमच्याकडे माहेरी दसऱ्याला कुऱ्हाड, विळा आणि लोकर कातरायच्या कात्र्या पुजतात. ठाण्यातही शस्त्रपूजा होते: पांढऱ्या चादरीवर हत्यारं मांडायची, झेंडूच्या माळा, हळदी-कुंकू, अक्षता, नारळ. खिल्लारे बौद्ध. तो पूजेला बसत नसे, हात जोडत नसे. दाराबाहेर हाताची घडी घालून उभा राहायचा आणि पूजा संपली की हत्यारं आत नेऊन संध्याकाळपर्यंत उघडून पुसत बसायचा. पूजेच्या आधी चारही कार्बाईनच्या खिडक्यांवर तो सुती पट्ट्या घट्ट बांधायचा. कुंकू लोखंडावर पडलं तर पुसता येतं, म्हणायचा, पण अक्षता खिडकीतून आत गेल्या तर कुठं जाऊन बसतील सांगता येत नाही. ठाण्यात त्यावरून कुजबुज चालायची. पूजा करत नाही ते नाही, वर हत्यारांची तोंडं बांधतो. तोंडावर कोणी बोलत नसे. पाठीमागं बोलायला आमचं ठाणं शूर.

त्याची आई मालनबाई पूर्ण्यालाच राहते. तिला दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, आणि पोराच्याच हाताला धरून जायचं होतं. दसरा म्हणजे आमचा बंदोबस्त. एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकोणीस वेळा त्याची रजा नाकारली गेली. बाई सत्तरीच्या पुढं गेली, गुडघे धरले. दोन वर्षांमागं त्यानं ठाणेदार साहेबांच्या टेबलापुढं तासभर उभं राहून रजा मिळवली, तीन दिवसांची.

जाताना किल्ली कोणाकडे द्यायची? शस्त्रं उघडून जोडायचं प्रशिक्षण ठाण्यात त्याच्याखालोखाल माझंच झालेलं. त्यानं मला खोलीत नेलं, चारही कार्बाईनला पट्ट्या बांधून दाखवल्या, आणि कागदावर दोन वाक्यं लिहून माझी सही घेतली. पूजा होईपर्यंत पट्ट्या काढायच्या नाहीत; पूजेनंतर खिल्लारेनं येऊन उघडून तपासल्याशिवाय एकही कार्बाईन बाहेर द्यायची नाही. मी विचारलं, माझ्यावर भरोसा नाही का? तो म्हणाला, "न्हाई. म्हनून तर लिहून घेतलं."

दसऱ्याच्या सकाळी चादर अंथरली. साहेबांना ठाण्याच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. त्यांनी पट्ट्या बघून कपाळाला आठ्या घातल्या. तात्याराव म्हणाले, हत्यारांना मलमपट्टी केल्यासारखं दिसतंय, दवाखान्यातली पूजा वाटेल. सगळे हसले, आणि या वेळी मी हसणाऱ्यांत होते. मला कोणी हुकूम दिला नाही. मीच पुढं झाले, कात्रीनं चारही पट्ट्या कापल्या आणि टोपलीत टाकल्या. फार बरं वाटलं. मनात म्हटलं, घे, बांध आता.

भटजींनी मंत्र म्हटले, आम्ही मुठी भरभरून अक्षता टाकल्या. फोटो छान आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीच्या विसर्जनाचा बंदोबस्त लागला. तात्याराव दारात आले, म्हणाले चंदा, एक कार्बाईन दे. कागद टेबलाच्या खणात होता. मी खण उघडला नाही. वरवर फडकं मारलं, कुंकू पुसलं, तिला मॅगझिन लावून दिली आणि वहीत सही घेतली.

जिंतूर रस्त्याला तेव्हा काम चाललेलं, निम्मा रस्ता उकरलेला. आमचा ड्रायव्हर हरिओम जीप चालवत होता, तात्याराव त्याच्या मागच्या सीटवर, कार्बाईन गुडघ्यांत उभी. गाडीत मॅगझिन काढून ठेवायची असते, पण ठाण्यात कोणीच काढत नसे. सेफ लावलं होतं, हे ते आजही शपथेवर सांगतात, आणि ते खरं आहे. खड्ड्यात चाक गेलं, कार्बाईन हातातून सुटली, पुढं कलत बुडावर आपटली आणि बार झाला. खिल्लारे टपरीवर सांगायचा तसाच, शब्दाला शब्द. गोळी पुढच्या सीटच्या लोखंडी पट्टीला लागून चपटी झाली आणि हरिओमच्या कमरेच्या मांसात रुतली.

मी दवाखान्यात धावले. हरिओम पालथा पडून विव्हळत होता, त्याची बायको रेणुका कोपऱ्यात रडत होती. नागपुरात निरोप मिळाल्यावर खिल्लारे रात्रभर प्रवास करून आला, तो गणवेश न घालताच. हरिओमच्या उशाशी बसून त्यानं जखमेचं सगळं विचारून घेतलं. मग रेणुकेला म्हणाला की ही पिस्तुलाची गोळी होती म्हणून पट्टीनं अडवली, रायफलीची असती तर पट्टी, सीट आणि माणूस, तिन्हीतून गेली असती. ज्या दुबळेपणावरून तो तिला वर्षानुवर्षं नावं ठेवत होता त्यानंच हरिओम वाचला, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

चौकशीला बाहेरून अधिकारी आले. त्यांच्यासमोर खिल्लारेनंच ती कार्बाईन उघडली. सेफच्या खटक्यामागून चिरडलेला तांदळाचा दाणा निघाला, कुंकवानं लाल झालेला. तेवढ्या दाण्यानं खटका पूर्ण बसला नव्हता. बाहेरून बसल्यासारखा दिसत होता. त्यानं माझ्या सहीचा कागद पुढं ठेवला. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, पूजेच्या वेळी पट्ट्या होत्या का?

खोलीत साहेब होते, तात्याराव होते. ग्रुपवरचा फोटो आदल्या संध्याकाळीच गायब झाला होता, सगळ्यांच्या फोनमधून. खिल्लारेकडे बटणांचा फोन, तो ग्रुपवर नव्हताच. मी म्हणाले, हो, होत्या. पूजा झाल्यावर काढल्या. दाणा आत कसा गेला? म्हटलं, त्यांनी बांधलेली गाठ सैल असेल. आणि त्यांच्या कागदाचं काय? म्हटलं, बंदोबस्ताची निकड होती, आणि मी वरून तपासूनच दिली. माझा जबाब लिहून झाला, मी सही केली. बाकीच्यांनी माझ्यासारखंच सांगितलं.

खिल्लारे एवढंच म्हणाला, "माजी गाठ सुटत न्हाई." त्याच्या बाजूनं बोलायला खोलीत कोणी नव्हतं.

अहवालात आलं ते असं: महत्त्वाच्या दिवशी रजेवर जाऊन शस्त्रांच्या देखभालीत हयगय केली. त्याच्याकडून शस्त्रागार काढून घेतलं आणि त्याला चारठाणा गावाच्या बाजूला नाक्यावर गाड्या अडवायला पाठवलं. ठाण्यात तर लोक उघड बोलायला लागले, पूजा नको म्हणून मुद्दाम त्या दिवशी गेला, त्याची फळं. मी ते ऐकायची आणि गप्प बसायची. एकदा तर मी मान डोलावली. लाज वाटते सांगायला, पण डोलावली.

आणि किल्ली कोणाकडे आली? माझ्याकडे.

आठवड्यानं मी उरलेल्या तीन कार्बाईन उघडल्या. एकीत दोन दाणे होते, एकीत फुलाची पाकळी. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते की एक दाणा कुठूनही आला असेल. मला त्याचा राग येत राहिला, की या माणसानं सगळं बरोबरच का सांगावं? एकदा तरी चुकायचं होतं त्यानं.

चार महिन्यांनी एका आरोपीला पोहोचवून येताना आमची गाडी त्याच्या नाक्यावर थांबली. तो उन्हात उभा होता, आणखी वाळलेला. मी उतरले, त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले की पट्ट्या मी कापल्या. हे ऐकून तो काहीतरी बोलेल, शिव्या देईल, म्हणून मी तयार होते.

"मला कशाला सांगायलाव? मला पहिल्या दिशीच कळलं," तो म्हणाला. "माजी आई नागपूरचं नाव घरात काढू देत न्हाई आता. म्हनती, माज्या हट्टापायी तुजी नोकरी नासली. तिला सांगा. पूर्ण्याला जाऊन."

मी माफी मागायला लागले तर त्यानं मागून आलेल्या ट्रकला हात केला आणि कागदपत्रं बघायला निघून गेला. असा माणूस!

पूर्णा रेल्वेनं कितीशी लांब? तरी मला जायला तीन आठवडे लागले. मालनबाईनं दार उघडलं, पोलिसातली बाई बघून दचकली. नाव सांगितल्यावर आत घेतलं, चहा ठेवला. नागसेनच्या ठाण्यातली म्हटल्यावर तीच बोलायला लागली. एकोणीस वर्षं थांबले, तशी मरेपर्यंत थांबले असते तर काय बिघडत होतं, म्हणाली. तिथं दीक्षाभूमीच्या गर्दीत लेकानं मला पाठीवर घेतलं होतं, मी त्याला म्हणत होते की आता डोळे मिटले तरी चालतील, आणि दुसऱ्याच दिवशी इकडं हे व्हायचं होतं.

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. पट्ट्या, कात्री, कागद, जबाब, सगळं. मधे थांबले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू झाले नसते.

म्हातारी रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. उठली, गुडघ्यांवर हात देत फळीपर्यंत गेली आणि नातवाची वही घेऊन आली.

"माज्यापाशी बोलून काय व्हतंय?" ती म्हणाली. "जिथं खोटं लिवलंस तिथं खरं लिहून दे. हितंच लिही. मला वाचता येत न्हाई, पर तू लिवायलीस का न्हाई ते दिसतंय मला."

मी लिहिलं. दीड पान झालं. ती समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होती. मी सही करायला लागले तशी तिनं माझं मनगट धरलं.

"आनखी एक लिही. आईला नागपूरला नेलं, ही त्याची चूक नव्हती."

तेही लिहिलं. खाली सही केली, तारीख टाकली.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं आणि तासभर मला झापलं. माझी नोकरी, त्यांची बढती, तात्यारावांची निवृत्ती, सगळं त्या दीड पानात बुडेल म्हणाले. मी कागद मागे घेतला नाही. शेवटी ते म्हणाले, बरं, निदान नव्यानं टाइप करून आण, आणि ती नागपूरची ओळ काढून टाक, तिचा चौकशीशी काही संबंध नाही.

किल्ली आता माझ्याकडे नाही, चौकशी पुन्हा उघडली आहे आणि माझ्यावर काय येईल ते यायचं आहे. खिल्लारेनं एका शब्दानं विचारलेलं नाही, आणि तो विचारणारही नाही. कागद टाइप करून दिला. ती ओळ मी काढली नाही.